खून, तपास आणि मधेच फोडणीचा वास: मोंतालबान कुणी वाचलाय का?

नारायणपेठी_वाचक

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय कारण हे कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

गेल्या शनिवारी मुलीच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, धो धो पाऊस आला म्हणून जवळच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि तिथल्या ढिगात मानुएल वास्केथ मोंतालबान या स्पॅनिश लेखकाची 'सदर्न सीज' मिळाली. इंग्रजी भाषांतर, कडा पिवळ्या पडलेल्या, ८० रुपये. लेखकाचं नाव याआधी कधी ऐकलं नव्हतं, मागच्या कव्हरवर डिटेक्टिव्ह कादंबरी असं दिसलं म्हणून घेतली.

गोष्ट अशी आहे की बार्सिलोनातला एक बडा बांधकामवाला, स्टुअर्ट पेद्रेल त्याचं नाव, चित्रकार गोगँसारखं मी आता दक्षिण समुद्रातल्या बेटांवर जाऊन राहणार असं सांगून गायब होतो. वर्षभराने त्याचं प्रेत सापडतं, पण ते कुठल्या बेटावर नाही तर बार्सिलोनातच, एका बांधकामाच्या जागेवर, भोसकलेलं. मग हा माणूस वर्षभर होता कुठे? ते शोधायला त्याची बायको पेपे कार्व्हालो नावाचा खाजगी डिटेक्टिव्ह लावते.

इथपर्यंत ठीक आहे, असं बरंच वाचलंय. पण हा कार्व्हालो दिवसभर माणसांना भेटतो, त्यांचं खोटं ऐकतो आणि रात्री घरी आला की ओटा गाठतो. साधं काहीतरी गरम करून घेतलं असं नाही, नीट साग्रसंगीत स्वयंपाक. कांदा बारीक चिरून मंद आचेवर, मग टोमॅटो, ते आटेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. लेखक ते सगळं लिहितो आणि घाई अजिबात करत नाही. मी रात्री एक वाजता वाचत होतो आणि खरंच उठून डबे उघडून बघितले काय आहे ते.

बाबांना (वय ६३, आयुष्यभर रहस्यकथा वाचल्यात, अर्नाळकरांपासून सगळं) दोन पानं वाचून दाखवली तर म्हणाले, "अरे मधेच हे काय रांधत बसलाय, खून कुणी केला ते बघ ना." आणि मला तिथे उत्तर देता आलं नाही. कारण मला ते वाचताना भरताड वाटत नाहीये, उलट ती पानं काढली तर पुस्तक मरेल असं वाटतंय, पण का ते सांगता येत नाही.

तर प्रश्न असे आहेत: एक, या माणसाने नुसतं खाण्यावर, फिरण्यावर असं काही लिहिलंय का? दोन, कार्व्हालोची बाकी पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचावी? आणि तीन, जो मला खरा महत्त्वाचा आहे, हे खाणं तिथे कशासाठी आहे?

मी १४० पानांवर आहे, कृपया शेवट सांगू नका.

---

मेधा_कर्वेनगर

अरे वा, मोंतालबानवर मराठीत कुणी बोलताना पहिल्यांदा बघतेय! मी स्पॅनिश शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी त्याचे उतारे दिले होते, तेव्हापासून मिळेल ते वाचत आलेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरू करते कारण बाकीचं त्यातूनच येतं. मोंतालबान १९३९ साली जन्मला, बार्सिलोनाच्या रावाल भागात. १९३९ म्हणजे स्पेनचं यादवी युद्ध संपलं आणि फ्रँको जिंकला ते वर्ष. रावाल म्हणजे बंदराजवळची दाटीवाटीची, गरिबांची वस्ती, अरुंद गल्ल्या, वेश्यावस्ती, छोटे कारखाने. याचे वडील हरलेल्या बाजूचे, त्यामुळे तुरुंगात. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बापलेकांची भेटच नाही. स्पेनमध्ये रेशनकार्डं १९५२ पर्यंत चालली, म्हणजे या पोराचं सगळं बालपण रेशनवरचा काळा पाव, रांगा आणि काळ्या बाजारात मिळणारं तेल यात गेलंय. पुढे १९६२ मध्ये अस्तुरियासच्या खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून हा स्वतः तुरुंगात गेला. कम्युनिस्ट पक्षात होता, कविता लिहायचा, पत्रकार होता.

आता अशा माणसाने डिटेक्टिव्ह लिहिला तर त्याच्या हातात तो भिंग देईल का? त्याने सुरी आणि पातेलं दिलं. कार्व्हालो कुणाच्या घरी गेला की पहिलं बघतो हे लोक खातात काय. श्रीमंताच्या घरी पदार्थ महाग असतो पण त्याला चव नसते, कारण ज्याने तो रांधला त्याला त्या घरात खुर्ची नाही. कामगाराच्या घरी चणे आणि सॉसेज असतं आणि त्यावर तो मनापासून तुटून पडतो. माझ्या मते त्याचा तपास ताटापासूनच सुरू होतो. कुणाच्या ताटात काय येतं आणि ते कुणाच्या जिवावर येतं, याचा हिशोब तो सतत करत असतो, आणि खून कुणी केला ते त्या हिशोबातलं एक कलम. तुझ्या पुस्तकातला मेलेला माणूस बांधकामवाला आहे हे लक्षात ठेव आणि त्याने काय बांधलं होतं तिकडे नजर ठेव. यापुढे एक अक्षर सांगत नाही.

खाण्यावरची पुस्तकं आहेत की. १९७७ मध्ये त्याने कॅटलोनियाच्या खाण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॅटलान भाषेत, जिची फ्रँकोच्या राज्यात गळचेपी झाली होती. फ्रँको १९७५ ला गेला, म्हणजे हे त्यानंतर दोनच वर्षांनी. म्हणून ते मला नुसतं पाककृतींचं पुस्तक वाटत नाही, दडपलेली गोष्ट मोठ्याने म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. कार्व्हालो कादंबऱ्यांमध्ये जे जे रांधतो त्या पाककृतींचंही पुस्तक आहे. आणि चवीच्या नावाखाली तोरा मिरवणाऱ्या खवय्यांच्या विरुद्ध एक वेगळं पुस्तक आहे, तेही त्याचंच.

क्रम असा धर: आत्ता 'सदर्न सीज' (१९७९, याला स्पेनचा प्लानेता पुरस्कार मिळाला), मग मागे जाऊन 'टॅटू' (१९७४), मग कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीतच सरचिटणिसाचा खून होतो ती (१९८१), मग बँकॉकची (१९८३). सगळ्यात पहिली १९७२ ची आहे पण ती फार वेगळ्या धाटणीची, तिच्यापासून सुरू केलंस तर सोडून देशील.

फिरण्याचं म्हणशील तर कार्व्हालो शेवटी बिस्कुतेरला घेऊन जगप्रवासाला निघतो, ते पुस्तक लेखक गेल्यावर २००४ मध्ये आलं. मोंतालबान १८ ऑक्टोबर २००३ ला गेला, ऑस्ट्रेलियाहून परतताना, बँकॉकच्या विमानतळावर, हार्ट अटॅकने. ज्या शहरावर वीस वर्षांपूर्वी कादंबरी लिहिली तिथेच. ती बातमी मी नंतर कधीतरी वाचली आणि दिवसभर सुन्न होते.

---

मंडईकर

बिस्कुतेर! मेधाताई, नाव घेतलंत बरं झालं. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी: कार्व्हालोचं ऑफिस बार्सिलोनाच्या रांब्लासवर, म्हणजे आपला लक्ष्मी रोड धरा, आणि त्या ऑफिसातच मागे एक छोटंसं स्वयंपाकघर, तिथे बिस्कुतेर नावाचा ठेंगणा, पडेल ते काम करणारा माणूस, दोघांची ओळख तुरुंगातली. क्लायंट समोर बसून रडत असतो आणि मागून तळणीचा वास येत असतो. मालक काही बोलायच्या आधी हा ताट आणून ठेवतो आणि तोंडाकडे बघत उभा राहतो, आवडलं का म्हणून. मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात जास्त जीव लागलाय तो बिस्कुतेरला.

माझा भाजीचा होलसेलचा धंदा, आजोबांपासून मंडईत येणंजाणं. २०१८ मध्ये भाचीच्या लग्नानिमित्त स्पेनला जायचा योग आला तेव्हा बार्सिलोनात मी सगळ्यांना सोडून बोकेरिया मार्केटला गेलो, कारण कार्व्हालो तिथे बाजार करतो. लोखंडी खांब, वर पत्रा, मासळीच्या बर्फाचं पाणी पायाखाली. पुढच्या बाजूला टुरिस्ट लोकांचे फळांचे ग्लास आहेत, तिकडे थांबूच नका, मागच्या बाजूला जा. तिथे एक म्हातारी बाई खारवलेल्या कॉड माशाचे पांढरेशुभ्र तुकडे पाण्यात भिजत घालून विकत होती, प्रत्येक ट्रेमध्ये वेगळा कट. पोटाकडचा वेगळा, शेपटीकडचा वेगळा, भाव वेगळा. मला भाषा येत नाही, तिला माझी येत नाही, पण तिने शेपटीचा तुकडा बोटाने दाबून दाखवला आणि मान हलवली, मग पोटाकडचा दाबला आणि अंगठा वर केला. आमच्याकडे कांदा असाच दाबून बघतात. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो.

आपली महात्मा फुले मंडई १८८६ ची, दगडी, आठ बाजूंचा मनोरा, आणि तिच्यात एकही डिटेक्टिव्ह कधी पिशवी घेऊन आलेला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

सुप्रिया_माण

मेधाताईंनी रेशनचं लिहिलं आणि माझ्या डोळ्यासमोर एकदम आजी आली.

आम्ही मूळ माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला होती, पाझर तलावाचं काम. तिथे सुकडी मिळायची. आणि रेशनला अमेरिकेहून आलेली मिलो, लाल ज्वारी. आजी सांगायची की मिलोची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत हातात दोन तुकडे, आणि खाल्ली की घशात टोचायची. पुढे आमचं बरं झालं, वडील पुण्यात नोकरीला लागले, हडपसरला घर झालं, पण आजी मरेपर्यंत परातीच्या काठाला चिकटलेलं पीठ नखाने काढून परत डब्यात टाकायची. आई ओरडायची, अहो आई राहू दे. ती ऐकायची नाही.

मला कुणी विचारलं की गोष्टीत खाणं कशाला तर मी म्हणेन ज्याने उपाशी दिवस बघितलेत त्याच्या गोष्टीत ते येणारच, तो लिहिताना टाळू शकत नाही. मी मोंतालबान वाचलेला नाही पण आता वाचणार.

एक विचारायचंय, तिकडे शिळ्या पावाचं काही करतात का? आपल्याकडे फोडणीची पोळी, शिळ्या भाकरीचा काला, तसं?

---

मेधा_कर्वेनगर

सुप्रिया, वाचून गलबलून आलं.

आणि हो, करतात, आणि तोच कॅटलोनियाचा सगळ्यात लाडका पदार्थ आहे. पाव आणि टोमॅटो. पावाचा जाड काप, शिळा असला तरी चालतो, उलट बराच, थोडा भाजायचा, पिकलेला टोमॅटो मधून कापून त्यावर घासायचा, गर पावात मुरतो आणि हातात नुसतं साल उरतं. वरून ऑलिव्ह तेल, मीठ. हवा तर आधी लसूण घासायचा. कडक झालेला पाव मऊ करण्याची ही गरिबाची युक्ती. मोंतालबानचा यावर फार जीव. बाहेरच्या प्रांतांतून पोटासाठी बार्सिलोनात आलेले लोकही हे खाऊ लागले आणि त्या शहराचे झाले, हे त्याला फार महत्त्वाचं वाटायचं, आणि स्वतः कार्व्हालोही बाहेरचाच आहे, गॅलिसियाचा.

---

कोथरूडचा_अमित

सगळे कौतुक करताहेत, पण मला या मालिकेतल्या दोन गोष्टी खटकतात आणि त्या सांगायलाच हव्यात.

पहिली म्हणजे हा कार्व्हालो पुस्तकं जाळतो. शेकोटी पेटवायला कपाटातून एक एक पुस्तक काढतो आणि टाकतो, 'डॉन किहोते'सुद्धा सोडला नाही. मला माहितीये की तो पूर्वी प्राध्यापकी केलेला, कम्युनिस्ट असलेला, मग सीआयएसाठीही काम केलेला माणूस आहे आणि पुस्तकांनी मला जगायला शिकवलं नाही हा त्याचा राग आहे. कळतं. तरी २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेत जे झालं, पोथ्या फाटलेल्या, कपाटं उलटी पडलेली, ते ज्याने या शहरात राहून बघितलंय त्याला पुस्तक आगीत जाताना वाचणं जड जातं. मी तेव्हा कॉलेजला होतो, दुसऱ्या दिवशी तिथे आवरायला मदत करायला गेलेलो. पायाखाली कागद होते.

दुसरी गोष्ट म्हणजे चारो. ती त्याची मैत्रीण, धंदा करणारी बाई, त्याच्यावर जीव टाकते आणि हा तिला आठवडे आठवडे फोन करत नाही. बिस्कुतेर आठवण करून देतो तेव्हा करतो. लेखकाला हे दिसतं, तो ते झाकत नाही, पण मला ती पानं वाचताना तिच्या बाजूने राग येतो आणि तो राग शेवटपर्यंत जात नाही.

तरीही वाचा. मी स्वतः आठ वाचल्यात.

---

मेधा_कर्वेनगर

अमित, चारोबद्दल शंभर टक्के. पुस्तकांबद्दल मी इतकंच म्हणेन की जाळायला घेण्याआधी तो ते पुस्तक पुरतं वाचलेला असतो, आणि जे पुस्तक त्याच्या मनाला लागलंय तेच तो जाळतो. मला ते नात्यातलं भांडण वाटतं. पण भांडारकरचं तू बघितलंयस, मी नाही, त्यामुळे यावर वाद घालणार नाही.

---

गुडलकचा_चहा

मोंतालबान आवडला असेल तर पुढचं स्टेशन सिसिली. आंद्रेया कामिल्लेरी. त्याच्या इन्स्पेक्टरचं आडनावच मोंताल्बानो, आणि ते मोंतालबानच्या मानासाठी ठेवलेलं आहे. किस्सा असा की कामिल्लेरी एका ऐतिहासिक कादंबरीवर अडकून पडला होता, काळाचा क्रम लागेना, आणि मोंतालबानची 'द पियानिस्ट' वाचून त्याला वाट सापडली, ते ऋण म्हणून हे नाव. पहिली मोंताल्बानो कादंबरी १९९४ ला आली तेव्हा कामिल्लेरी साठी ओलांडलेला होता! जन्म १९२५ चा, २०१९ ला गेला, आणि तेवढ्या वर्षांत या एका इन्स्पेक्टरवर ढीगभर लिहून गेला. आपल्याकडे साठीला माणूस पेन्शनचे कागद बघतो.

खाण्याच्या बाबतीत मोंताल्बानोचा नियम एकच, जेवताना बोलायचं नाही. समोर कुणीही असो, मासा संपेपर्यंत गप्प. त्याच्याकडे कामाला येणारी आदेलिना फ्रीजमध्ये जेवण करून ठेवून जाते आणि हा घरी आल्यावर आधी फ्रीज उघडतो, आत काय आहे याची जी उत्सुकता त्याला असते ना ती वाचण्यासारखी आहे. तिच्या आरांचिनीवर (भाताचे सारण भरलेले तळलेले गोळे) तर एक आख्खी कथा आहे.

कार्व्हालो स्वतः रांधतो आणि मोंताल्बानो फक्त खातो, मला वाटतं दोघांच्या स्वभावातला सगळा फरक त्यात आला. ज्या गावावरून त्याने काल्पनिक विगाता रचलं त्या पोर्तो एम्पेदोक्लेने काही वर्षं आपल्या नावापुढे अधिकृतपणे विगाता लावलं होतं.

---

बंगळुरू_रिटर्न

आपल्या देशात राहून हे दोन्ही करणारा एक माणूस आहे, त्याचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? झॅक ओये. मूळचा फिनलंडमध्ये जन्मलेला, स्वीडनमध्ये वाढलेला, आणि कितीतरी वर्षं बंगळुरूत राहतो. मी नोकरीनिमित्त तिकडे सहा वर्षं होतो तेव्हा वाचायला लागलो.

त्याची मॅजेस्टिक त्रयी आहे, २०१२ ते २०१८ मधली, हीरो हरी मॅजेस्टिक, बंगळुरूच्या मॅजेस्टिक भागातला, म्हणजे बसस्टँड, लॉज, थिएटरं, स्वस्त बार असा जो पट्टा आहे तिथला, टुरिस्टांना गंडवत गंडवत डिटेक्टिव्ह झालेला. मी त्याच बसस्टँडवरून रात्रीची पुण्याची बस पकडायचो, कादंबरी वाचल्यावर तिथल्या प्रत्येक दुकानाकडे वेगळं बघायला लागलो. आणि २०२३ मध्ये त्याचं 'डायजेस्टिंग इंडिया' आलं, भारतभर फिरत खाल्लेल्याबद्दल. स्वीडिशमध्ये त्याने गांधीजींचं चरित्रही लिहिलंय. एकच माणूस खून, गांधी आणि जेवण हे तिन्ही लिहितो!

मला त्याचं आवडतं ते हे की तो पॉश जागांच्या मागे लागत नाही, साध्या, वर्दळीच्या ठिकाणी बसतो. त्या भागातल्या टपऱ्यांवर उभं राहून खाल्लेल्या माणसाला त्याचं शहर लगेच ओळखू येतं. परका माणूस असूनही. किंवा परका आहे म्हणूनच, कारण आपण जिथे रोज खातो तिथे बघायचं सोडून देतो.

---

सदाशिव_पेठेतला_बंगाली

माझा जन्म पुण्यातला, घरी बंगाली, शाळा मराठी, तर एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण पुणेकरांना पण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ब्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. आधी मुंबईला सिनेमासाठी लिहायचे, मग ते सोडून इकडे आले. पहिला ब्योमकेश १९३२ चा, मधे पंधरा एक वर्षं त्यांनी तो बंदच ठेवला होता, परत सुरू केला आणि नंतरच्या कितीतरी कथा इथे पुण्यात बसून लिहिल्या. १९७० मध्ये ते गेले तेव्हा एक ब्योमकेश कथा अर्धवट राहिली.

म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरचा तो वाडा, पुंटिराम चहा आणतो, अजित आणि ब्योमकेश पेपर वाचतात, बाहेर ट्रामचा आवाज, हे सगळं एका माणसाने हजार मैल लांब मुळा-मुठेच्या काठी बसून आठवून लिहिलं. त्या कथांतला चहा मला म्हणूनच फार गरम लागतो. माझे वडील दर दुर्गापूजेला काँग्रेस हाऊसच्या मंडपात भोगाची खिचडी खाता खाता हे सांगायचे, की बाबा रे, पुण्यात बसूनही कलकत्ता रांधता येतं.

मंडईकर काकांना म्हणून सांगतो, मराठीत अर्नाळकरांचा झुंजार आहे, सुहास शिरवळकर तर पुण्याचेच, त्यांचा दारा बुलंद, मंदार पटवर्धन आहेत, माणसं धावतात, घोडा आहे, वेग आहे, मी शाळेत असताना भाड्याने आणून रात्रीत संपवायचो. जेवायला मात्र त्यांना सवड नसते. कुणीतरी लिहा ना असा एक पुण्याचा, जो सकाळी बेडेकरांची मिसळ खाऊन तपासाला निघतो आणि साक्षीदाराने श्रुजबेरी पुढे केली तर ती ताजी की दोन दिवसांची ते ओळखतो.

---

मंडईकर

आणि त्याला मंडईत पाठवा. कुठल्या गाळ्यावर कोण उधारीवर जगतंय ते मी सांगतो.

---

नारायणपेठी_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं एका बैठकीत वाचलं आणि आज जे झालं ते लिहायला आलोय.

मेधाताई, तुम्ही सांगितलेला तो पाव-टोमॅटो आज संध्याकाळी केला. बेकरीतला कडक पाव कालचा उरलेला होताच. तव्यावर भाजला, लसूण घासला, टोमॅटो मात्र आपले साधे घेतले ते आंबट आणि पाणीदार, घासायला गेलो तर पाणी खाली आणि साल हातात, मग गर किसणीवर किसून वर पसरला. घरात ऑलिव्ह तेल नव्हतं, शेंगदाण्याचं घाण्याचं तेल होतं, तेच घातलं. मीठ. बायकोला फार आवडलं, मुलीने अजून मागितलं.

बाबांना ताटलीत दोन काप दिले. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "हे आम्ही करायचो." मी म्हटलं, काय सांगताय. तर म्हणाले की ७२ ला ते दहा वर्षांचे, बार्शीला मामाकडे होते, मिलोची भाकरी दुसऱ्या दिवशी इतकी कडक व्हायची की तुकडा मोडेना, मग मामी त्यावर टोमॅटो चेचून, मीठ आणि असलं तर दोन थेंब तेल टाकून झाकून ठेवायची, दुपारपर्यंत ती भाकरी खाण्याजोगी व्हायची. दुष्काळात टोमॅटो कुठून यायचे विचारलं तर म्हणाले, मामा रात्री बागाईतदाराच्या विहिरीवर राखणीला होता, तिथून दोन-चार आणायचा, विचारून की न विचारता ते आम्ही कधी विचारलं नाही.

मी ४१ वर्षांचा आहे. हे मी पहिल्यांदा ऐकलं. मिलोचंच काय, बार्शीच्या त्या वर्षाबद्दल त्यांनी घरात कधी शब्द काढला नव्हता.

मग मी सुप्रियाताईंची आजीची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. परातीच्या काठाचं पीठ नखाने काढण्यापाशी त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. थोड्या वेळाने दुसरा काप उचलला.

जेवणं झाल्यावर मी आत आवरत होतो आणि बाहेर आलो तर पुस्तक टेबलावर नव्हतं. बाबांच्या खोलीत दिवा चालू, चष्मा लावून पहिल्या पानापासून सुरुवात केलेली. मी दारात उभा राहिलो तर वर न बघता म्हणाले, "तू उद्या 'टॅटू' का काय ते आण. हे आता माझ्याकडे राहू दे."

तर मी १४० वर अडकलोय आणि ते माझ्या पुढे जाणार असं दिसतंय. मेधाताई, तुमच्याकडे 'टॅटू' असेल तर रविवारी सकाळी डेक्कनला कुठेही येतो, दोन आठवड्यांत परत करतो. आणि 'सदर्न सीज'चा शेवट अजूनही सांगू नका, आता दोघांना.

---

मेधा_कर्वेनगर

आहे. रविवारी नऊला गुडलकच्या बाहेर. कव्हर घालून आणते, बाबांना सांग पानं दुमडायची नाहीत.

---

सुप्रिया_माण

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि मामीची ती भाकरी, झाकण ठेवून किती वेळ मुरवायची ते विचारून लिहाल का? आईला करून दाखवायची आहे.